नांगर, तंबोरा आणि लॅपटॉप

सातारा आणि सांगली हे आज दोन स्वतंत्र जिल्हे आहेत. परंतु १९४९ साली सांगलीकडचा भाग वेगळा काढला, तेव्हा त्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ असेच ठेवले होते. ‘सांगली’ हे नाव त्या जिल्ह्याला मिळाले ते १९६० साली. कृष्णामाईने मात्र ही वाटणी कधी मानली नाही. माहुलीला ती वेण्णेला भेटते, कऱ्हाडला कोयनेला पोटाशी धरते आणि तशीच संथपणे सांगलीच्या घाटाला येऊन लागते. लोहमार्गही तिची सोबत फारशी सोडीत नाही. सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, कऱ्हाड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली आणि शेवटी मिरज, असा हा प्रवास. खिडकीतून ऊस दिसतो, हळदीचे हिरवेगार पट्टे दिसतात, काळी जमीन दिसते. साताऱ्याला कंदी पेढे घ्यावेत आणि मिरजेपर्यंत ते पुरवावेत, एवढाच बेत बहुतेक प्रवाशांचा असतो.

यंदाच्या पावसाळ्यात मी या वाटेने गेलो, तो मात्र एक प्रश्न बरोबर घेऊन. माझी भाची सांगलीला यंत्र-अभियांत्रिकी शिकते. तिसऱ्या वर्षाला तिला नवा लॅपटॉप हवा होता. वर्गातल्या दोघा-तिघांनी घेतलेला आणि तिच्याही मनात भरलेला लॅपटॉप १ लाख ४८ हजार रुपयांचा होता. मेहुणे शिक्षक. बँकेत एक ठेव होती, पण ती धाकट्याच्या पुढल्या वर्षीच्या प्रवेशासाठी राखलेली. ती मोडावी की मोडू नये, यावर साताऱ्याच्या त्या घरात आठवडाभर खल चालला होता. अखेर बहीण म्हणाली, “पोरीच्या कामाला लागत असेल तर मोडू या. नुसते मिरवायला असेल तर नको.”

वाक्य साधे, पण महाग वस्तूच्या खरेदीतला सारा प्रश्न त्यात आला होता. आणि गंमत अशी, की हा प्रश्न या मुलखाला नवा नाही. याच काठावर तो शंभर वर्षांपूर्वी घरोघर पडला होता. तेव्हा महागाचे यंत्र होते लोखंडी नांगर.

माळावरचा कारखाना

किर्लोस्करवाडीचे स्टेशन तसे लहान. पण गाडी तिथे थांबली, की जुनी माणसे अजून खिडकीशी सरकतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळ बेळगावकडचे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली नोकरी सोडून त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, मग कडबा कापण्याचे यंत्र काढले आणि पुढे लोखंडी नांगर. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकरांचा माळ देऊ केला. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि हा माळ सांगली जिल्ह्यात. त्या काळी दोन्ही एकाच संस्थानात. निवडुंग आणि साप यांखेरीज माळावर काही नव्हते. १९१० साली तिथे कारखाना उभा राहिला आणि कारखान्याभोवती वसाहत वसली. आज तिथे प्रामुख्याने पंप होतात.

पण मला सांगायचे आहे ते नांगराविषयी. पहिला नांगर खपायला लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. आपण आज त्याला हसतो. परंतु त्या समजाच्या आड एक शहाणपणाचा हिशेबही असलाच पाहिजे. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई. मोडला तर तोच दुरुस्त करी. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजायचे. शिवाय मोठा लोखंडी नांगर ओढायला दोन-दोन, तीन-तीन बैलजोड्या लागत. दारात एकच जोडी असलेल्या माणसाने तो विकत घ्यावा कशासाठी? नांगराची किंमत दुकानात समजते; बैलांची किंमत नांगर घरी आणल्यावर समजते.

मग नांगर खपला कसा? कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा माजतो. त्याची मुळे खोल जातात. लाकडी नांगर वरची माती खरवडून पुढे जाई आणि पावसाबरोबर तण पुन्हा उभे राही. लोखंडी नांगराने ती मुळे उपटून उन्हात टाकली. जे काम स्वस्त अवजाराने कितीही वेळा केले तरी होत नव्हते, ते महाग अवजाराने झाले. शेजाऱ्याचे रान स्वच्छ झालेले बांधावरून दिसले, तेव्हा विषाची गोष्ट आपोआप मागे पडली.

आणि एका जोडीच्या शेतकऱ्याने काय केले? त्याच्याकडे इर्जिकीची जुनी रीत होतीच. चार जणांनी बैल एकत्र आणायचे, आज याचे रान, उद्या त्याचे. खोल नांगरट काही रोज करायची नसते. उन्हाळ्यातले चार दिवस करायची. त्या चार दिवसांसाठी जड नांगर आणि जास्तीचे बैल मागून आणायचे. रोजच्या कामाला आपली जोडी ओढील तेवढेच औत घरी ठेवायचे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याहून वेगळे काय सांगतात?

नांगर विकणारा माणूस

सातारारोड हे गाव या वाटेवर लागत नाही. ते साताऱ्याहून लोणंदकडे जाताना लागते. जरंड्याचा डोंगर जवळच. आदल्या दिवशी एस. टी.ने मी तिथे जाऊन आलो होतो. साताऱ्याचे सर धनजीशहा कूपर, जे १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होते, त्यांचा नांगरांचा कारखाना इथला. देशात अगदी सुरुवातीला जी डिझेल इंजिने तयार झाली, त्यांत कूपर कारखान्याची इंजिने गणली जातात. सातारारोडचा तो कारखाना पुढे वालचंद समूहाकडे गेला. १९४७ साली सांगलीला निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालयही पुढे वालचंदांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

किर्लोस्कर आणि कूपर या दोन्ही कारखान्यांच्या इतिहासात एक नाव येते आणि तिथे वाचक थबकतो. ते नाव कर्मवीर भाऊराव पाटलांचे. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्याआधी हा धिप्पाड माणूस खेडोपाडी नांगर खपवीत हिंडला होता. आधी किर्लोस्करांकडे आणि मग कूपरांकडे. लोखंडी नांगर परवडतो कसा, हे शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून पटवून द्यायचे, हे त्यांचे काम. त्या भटकंतीत त्यांनी खेड्यातले अज्ञान जवळून पाहिले. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी संस्था काढली, १९२४ साली ती साताऱ्याला आणली आणि सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रही ठेवले नाही.

साताऱ्यात वाढलेल्या कुणालाही ही हकीकत ठाऊक असते. माझ्या बहिणीलाही होती. शिक्षणासाठी ठेव मोडायला या गावातली माणसे सहसा मागेपुढे पाहत नाहीत. पण म्हणूनच ती योग्य वस्तूसाठी मोडली जाते ना, हे पाहणे आले. वसतिगृहातले वसूल होण्याजोगे सोने पोरांच्या ताटात गेले होते, ताटांच्या नक्षीत नव्हे.

दुकानातला हिशेब

सांगलीला उतरलो. गणपतीचे दर्शन घेतले, १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलावरून कृष्णेचे पाणी पाहिले आणि दुपारी आम्ही मामा-भाची दुकानात शिरलो.

ज्या कुटुंबांना येत्या वर्षात हीच खरेदी करायची असेल, त्यांच्यासाठी यंत्राची अंतर्रचना घरगुती भाषेत सांगतो. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारा हात. रॅम म्हणजे ओटा: ओटा लहान असेल, तर हात कितीही चपळ असला तरी एक भांडे उचलल्याशिवाय दुसरे ठेवता येत नाही. एसएसडी म्हणजे कोठीची खोली. आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे पुरणयंत्र. पुरणपोळी असेल त्या दिवशी त्यावाचून अडते. वरणभाताच्या दिवशी ते फळीवर नुसते बसून राहते.

पत्रे लिहिणे, हिशेब, व्याख्याने पाहणे, साधे प्रोग्राम लिहिणे एवढेच काम असेल, तर मध्यम किमतीचे यंत्र पुरते. त्रिमिती आराखडे, चलच्चित्रांचे संपादन, कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग ही पुरणपोळीची कामे. तिथे पुरणयंत्र हवे आणि ओटाही मोठा हवा. १६ जीबीच्या खाली आज अशा विद्यार्थ्याने जाऊ नये.

विक्रेत्याने आधी मोठे यंत्र उघडले. कळफलकाखाली निळे-तांबडे दिवे लागले. पडदा फारच सुरेख. शेजारी ७२ हजारांचे दुसरे यंत्र होते. दिसायला जरा जाड, दिव्यांचा पत्ता नाही. दोहोंतला फरक ७६ हजारांचा. भाचीने वहीत मांडले: चार वर्षे वापरायचे म्हटले, तर वर्षाला १९ हजार, महिन्याला सुमारे १,६००.

मी विचारले, “या सोळाशे रुपयांत तुला दर महिन्याला काय मिळणार?”

ती म्हणाली, “आराखडे दोन्हींवर होतात, मामा. मोठ्या जुळणीचे पृथक्करण चालवायचे असले, की लहान यंत्र रडते.”

“ते किती वेळा चालवतेस?”

“सत्रातून सात-आठ दिवस. शेवटच्या वर्षी प्रकल्पाला जास्त.”

“आणि कॉलेजात?”

“प्रयोगशाळेत मोठी यंत्रे आहेत. नंबर लावावा लागतो.”

मला हरळी आठवली आणि इर्जीकही आठवली. रोजची कोळपणी आणि चार दिवसांची खोल नांगरट! जड नांगर प्रयोगशाळेत उभा होता. त्यासाठी धाकट्याची ठेव मोडून तीन बैलजोड्या दारात बांधण्याचे कारण नव्हते. हे मी बोललो नाही. वही तिच्या हातात होती आणि हिशेब तिला माझ्याहून लवकर समजला होता.

मग तिने जे प्रश्न विचारले, ते मला लिहून ठेवावेसे वाटले. रॅम पुढे वाढवता येते का, की ती फळ्यावर कायमची डाखलेली आहे? कारण काही सडपातळ आणि महाग यंत्रांत ती वाढवताच येत नाही. जे घ्यायचे ते पहिल्याच दिवशी. बॅटरी बदलून मिळते का? दुरुस्ती सांगलीत होते, की यंत्र पुण्याला धाडावे लागते? हमी किती वर्षांची, आणि माणूस घरी येतो की आपण जायचे? यंत्र तापल्यावर किती मंदावते? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. एकाच नावाचा प्रोसेसर दोन यंत्रांत सारखेच काम करील, असे नाही. फार सडपातळ यंत्रातून उष्णता बाहेर पडायला वाव कमी, म्हणून ते स्वतःलाच आवर घालते; पैसे घोड्याचे मोजायचे आणि चाल बैलाची मिळायची.

आणखी एक गोष्ट तिनेच सांगितली. ॲपलची यंत्रे उत्तम, बॅटरीही पुष्कळ टिकते. पण सॉलिडवर्क्ससारखे तिच्या अभ्यासातले आराखड्याचे सॉफ्टवेअर त्यांवर थेट चालत नाही. म्हणजे वस्तू श्रेष्ठ असूनही या कामाला ती निरुपयोगी. अभ्यासक्रमात कोणते सॉफ्टवेअर आहे हे न विचारता यंत्र घेणे, म्हणजे जमीन न पाहता नांगर घेणे.

बिनव्याजी हप्त्याचीही चौकशी केली. व्याज नसते, पण प्रक्रियेचे शुल्क असते आणि पुष्कळदा रोखीवरची सूट गमवावी लागते. दोन्ही रकमा मिळवून मगच ‘बिनव्याजी’ या शब्दावर विश्वास ठेवावा. विद्यार्थ्यांसाठी काही कंपन्यांची वेगळी सवलत असते, तीही विचारावी. आपण विचारल्यावाचून ती कोणी सांगतोच असे नाही.

भाचीने ७२ हजारांचे यंत्र घेतले. त्यात रॅमसाठी एक जागा मोकळी आहे; प्रकल्पाच्या वर्षी ती भरायची. ठेव जागच्या जागी राहिली.

परंतु यावरून कोणी ‘महाग ते सारे फोल’ असा निष्कर्ष काढू नये. समजा, कऱ्हाडचा एखादा तरुण लग्नाच्या चित्रफिती तयार करून देतो. त्याचे जुने यंत्र एका चित्रफितीला चार तास घेते आणि नवे एक तास. लग्नसराईत महिन्याला दहा कामे असली, तर तीस तास वाचले. त्या तासांत तो आणखी तीन कामे घेईल. त्याच्यासाठी दीड लाखाचे यंत्र म्हणजे लोखंडी नांगर. वर्ष-दोन वर्षांत ते आपली किंमत परत देते. त्याने स्वस्त यंत्र घेतले, तर तीच उधळपट्टी ठरेल.

नांगरात आणि लॅपटॉपमध्ये एक मोठा फरक मात्र आहे, आणि तो खरेदीदाराने मनात पक्का धरावा. नांगराचा फाळ झिजला की तेवढाच बदलायचा; बाकीचे लोखंड बापाकडून मुलाकडे जाई. लॅपटॉप धडधाकट असूनही जुना होतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित साथ थांबवली आणि अनेक चालती यंत्रे, त्यांचे प्रोसेसर नव्या आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत म्हणून, अडचणीत आली. तेव्हा ‘एकदाच चांगले घेतले की दहा वर्षे बघायला नको’ हा आपल्या वडीलधाऱ्यांचा नियम कपाटाला लागू, पातेल्याला लागू. लॅपटॉपला तो जपूनच लावावा.

मिरजेची गल्ली

खरेदी लवकर उरकली आणि संध्याकाळ हातात उरली, म्हणून मिरजेला गेलो. सांगलीहून मिरज म्हणजे आता एकाच शहराच्या दोन पेठा. तिथल्या सतारमेकरांच्या गल्लीत दोन्ही बाजूंना भोपळे टांगलेले असतात. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. तलवारींचे दिवस संपले आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांच्या घराण्याने सतारी आणि तंबोरे दुरुस्त करता करता ते घडवायला घेतले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावी राहिले आणि दर्ग्यातल्या संगीतसभेने त्यांची आठवण आजही जागी ठेवली आहे.

तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात; लाकूड तुणीचे, चांगले मुरलेले. पण खरा जीव असतो घोडीवर. तारा जिथे टेकतात, तो पृष्ठभाग कानसीने अगदी हलका घासून जवारी काढायची. तिथे केसभर चूक झाली, की तंबोरा मुका. भाचीने एका नक्षीदार तंबोऱ्याची किंमत विचारली. म्हातारे कारागीर हातातली कानस न थांबवता म्हणाले, “आधी कोण गाणार ते सांगा, बाळ. पट्टी कुठली? मग किंमत सांगतो.”

पुरुषाच्या खालच्या पट्टीला मोठा भोपळा आणि लांब दांडी. बाईच्या वरच्या पट्टीला तंबोरा लहान. लहान तंबोऱ्याची किंमत कमी, म्हणून तो हलका असे नाही. तिच्या गळ्याला मोठा तंबोरा कितीही किमतीचा दिला तरी तो जुळायचा नाही. “आणि ही नक्षी?” तिने विचारले. “नक्षीचे पैसे निराळे,” ते म्हणाले. “ती डोळ्यांसाठी. कानाला तिचा उपयोग नाही.”

लॅपटॉपची पिशवी खांद्यावर घेऊन भाची त्यांच्या समोर बसली होती. कारागिराने साधाच, नक्षी नसलेला तंबोरा उचलला, घोडीवर सुताचा दोरा किंचित सरकवला आणि तार छेडली. गल्लीतल्या मोटारसायकलींच्या गोंगाटातही तो षड्ज कितीतरी वेळ घुमत राहिला. मग त्यांनी तो तंबोरा तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “आता तुम्ही छेडा. ज्याला वापरायचे, त्यानेच ऐकून घ्यावे.”